अश्रद्ध मित्राशी नैतिक प्रश्नावर बोलताना ख्रिस्ती माणसाने आपली श्रद्धा कुठे ठेवावी?

मरोळची वाचक (प्रश्न)

मी मरोळ गावठाणातली, जन्माने आणि आता पुरेशा विचारानेही कॅथलिक आहे. फोर्टमधल्या आमच्या कार्यालयात माझा एक जुना सहकारी आहे. तो देव मानत नाही, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात तरुणपणापासून आहे, आणि माझ्या ओळखीत त्याच्याइतकी सचोटीची माणसे फार नाहीत. माझे वडील आजारी होते तेव्हा रक्तदाते गोळा करण्यापासून रुग्णालयाच्या जिन्यात रात्र काढण्यापर्यंत सगळे त्याने न सांगता केले. त्यामुळे देव न मानणाऱ्याला नीतीची चाड नसते, असे मिस्सानंतर चर्चच्या आवारात कुणी बोलू लागले की मला तिथे थांबवत नाही.

हा मित्र सध्या आपले लिव्हिंग विल, म्हणजे असाध्य आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच नोंदवून ठेवणारा दस्तऐवज, तयार करतो आहे. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि त्यांतली एक माझी असावी अशी त्याची इच्छा आहे. मसुदा मी वाचला. शुद्धीवर येण्याची आशा संपली असेल तर व्हेंटिलेटर लावू नये, हृदय थांबल्यास ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये, इथपर्यंत मला अडचण वाटली नाही. पुढचे कलम असे आहे की अशा अवस्थेत नाकातल्या नळीवाटे अन्नपाणीही देऊ नये. तिथे मी अडले आणि तसे त्याला सांगितले.

त्याने कारण विचारले. माणसाचा जीव ही देवाने सोपवलेली ठेव आहे आणि अन्नपाणी देणे हा माझ्या लेखी उपचार नसून कर्तव्य आहे, असे मी म्हणाले. तो रागावला नाही. "हे तुझ्यापुरते खरे असेल, पण मी तुझा देव मानत नाही, मला पटेल असे काहीतरी सांग," एवढेच म्हणाला. मग मी डॉक्टरांच्या निदानातल्या चुका, मालमत्तेवर डोळा ठेवून असलेले नातेवाईक, कायद्याचा गैरवापर असे मुद्दे मांडत गेले. त्यांतला एकही मुद्दा खोटा नाही. पण माझ्या आक्षेपाचे मूळ त्यांत नाही, आणि हे त्यालाही दिसत होते.

घरी याविषयी बोलले तेव्हा एका नातेवाइकांनी सांगितले की ही त्याला प्रभूकडे आणण्याची संधी आहे, ती दवडू नकोस. दुसऱ्यांनी सांगितले की श्रद्धा घरात आणि चर्चमध्ये ठेवावी, बाहेर चारचौघांत सहिष्णुतेने गप्प राहावे. मला या दोन्हींतले काहीच पटत नाही. समोरच्याच्या विवेकाचा पूर्ण मान राखूनही स्वतःचे खरे कारण न लपवता बोलता येते का? आणि जे कलम मला अयोग्य वाटते त्याखाली मी साक्षीदार म्हणून सही करावी का? ज्यांनी असे संभाषण केले आहे त्यांनी, मग ते श्रद्धावान असोत वा नसोत, कृपया लिहावे.

वसईचा निवृत्त शिक्षक

ताई, आपल्या ख्रिस्तसभेची शिकवण नेमकी काय आहे तिथून सुरुवात करू, कारण श्रद्धेच्या नावाने आपण जे बोलतो ते पुष्कळदा श्रद्धेने सांगितलेलेच नसते. पोप बारावे पायस यांनी नोव्हेंबर १९५७ मध्ये भूलतज्ज्ञांच्या प्रश्नांना उत्तर देताना स्पष्ट केले होते की रुग्णावर किंवा इतरांवर फार मोठा भार टाकणारे असाधारण उपाय योजण्याचे बंधन नाही. म्हणजे मसुद्यातल्या पहिल्या दोन गोष्टी एखादा कॅथलिक माणूसही स्वतःसाठी लिहू शकतो. अन्नपाण्याबद्दल पोप दुसरे जॉन पॉल यांनी मार्च २००४ मध्ये असे सांगितले की दीर्घकाळ शुद्ध हरपलेल्या रुग्णाला नळीने दिलेले अन्नपाणीसुद्धा तत्त्वतः साधारण शुश्रूषेतच मोडते. त्यालाही मर्यादा आहे: शरीर ते अन्न स्वीकारतच नसेल तर ते देत राहण्याचे बंधन उरत नाही. तेव्हा तुमच्या आक्षेपाला आधार आहे, पण तो सरसकट नाही, आणि मित्राशी पुन्हा बोलण्यापूर्वी ही रेघ कुठे आहे हे तुम्हाला ठाऊक असावे.

आता बोलण्याच्या रीतीविषयी. संत पौलाने करिंथकरांना लिहिलेले पहिले पत्र या दृष्टीने पुन्हा वाचावे. करिंथ हे बंदराचे, नाना पंथांच्या माणसांनी गजबजलेले शहर होते. पाचव्या अध्यायात पौल मंडळीतल्या, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायातल्या, एका गैरवर्तनावर अत्यंत कठोर बोलतो, आणि त्याच दमात म्हणतो की मंडळीबाहेरच्यांचा न्याय करणे हे माझे काम नाही, तो देव करील. आपल्याकडे बहुतेक वेळा उलट होते. आपल्या माणसाने जमिनीच्या व्यवहारात भावाला फसवले तर आपण पांघरूण घालतो आणि बाहेरच्यांच्या जीवनपद्धतीवर मात्र प्रवचन देतो. दहाव्या अध्यायात तो सांगतो की विश्वास न ठेवणाऱ्याने जेवायला बोलावले आणि जावेसे वाटले तर जा, पुढ्यात येईल ते विवेकाचे प्रश्न न काढता खा. स्वतःच्या आचरणाविषयी काटेकोर आणि दुसऱ्याच्या घरात विनम्र, अशी ही शिस्त आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रातल्या तिसऱ्या अध्यायात दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी येतात: आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्याला उत्तर देण्यास सदैव तयार असा, पण ते सौम्यतेने आणि आदराने द्या. तुमच्या मित्राने कारण विचारले होते, त्यामुळे देवाचे नाव घेण्यात काही अनुचित घडलेले नाही.

मी शिकत होतो त्या काळात, डिसेंबर १९६४ मध्ये, पोप सहावे पॉल मुंबईला आले होते. इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर बोलताना त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातली 'असतो मा सद्गमय' ही प्रार्थना आदराने उद्धृत केली. पुढच्याच वर्षी त्यांनी अश्रद्ध लोकांशी संवाद साधण्यासाठी व्हॅटिकनमध्ये एक स्वतंत्र सचिवालय स्थापन केले, आणि ७ डिसेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्याचे घोषणापत्र संमत केले. धर्माच्या बाबतीत कुणालाही त्याच्या विवेकाविरुद्ध वागायला भाग पाडता येत नाही, कारण हा हक्क माणसाच्या प्रतिष्ठेतूनच येतो, असे ते सांगते. त्याच दिवशी संमत झालेल्या दुसऱ्या दस्तऐवजात तर नास्तिकता वाढण्यात श्रद्धावानांच्या आचरणाचाही वाटा असू शकतो असे म्हटले आहे. माझ्या पिढीतल्या अनेकांनी हे वाक्य वाचून सोडून दिले, याचे मला फार दुःख वाटते.

तुमच्या मित्राची सचोटी ही देवाचीच देणगी आहे असे मी मानतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल म्हणतो की ज्यांना नियमशास्त्र मिळाले नाही तेही निसर्गतः त्यातल्या गोष्टी करतात, कारण तो नियम त्यांच्या हृदयावर लिहिलेला असतो.

परळचा वाचक

सर, तुमच्या लिखाणातला आदर माझ्यापर्यंत पोचला, म्हणूनच एका वाक्यावर मोकळेपणाने आक्षेप नोंदवतो. मी निरीश्वरवादी आहे. माझ्या हातून एखादी गोष्ट नीट घडली असेल तर ती आईवडिलांच्या संस्कारांतून, गिरणगावातल्या चळवळींतून आणि बऱ्याच विचारांती घडलेली असते. ती तुमच्या देवाची देणगी आहे असे तुम्ही मनात जरूर माना, तो तुमच्या श्रद्धेचा भाग आहे. पण तेच मला तोंडावर सांगितले की माझ्या कष्टांची पावती दुसऱ्याच्या नावे फाडल्यासारखे वाटते. संभाषण तिथेच थांबते.

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी आमच्या बाजूने देतो. श्रद्धावान माणूस देवाचे नाव घेतो याचा मला त्रास होत नाही. खरे कारण खिशात ठेवून तो माझ्यासमोर आकडेवारी आणि कायद्याच्या पळवाटा मांडू लागतो, याचा होतो. कारण मी ते मुद्दे एकेक करून खोडले तरी त्याचे मत बदलणार नसते. मग आम्ही दोघे कशाविषयी बोलत होतो? "मला पटेल असे काहीतरी सांग" या तुमच्या मित्राच्या वाक्याचा अर्थ "देवाचे नाव काढू नकोस" असा मी घेणार नाही. तुझ्या श्रद्धेतून जे दिसते ते माझ्या जागेवरून कितपत दिसते, एवढे तो विचारतो आहे. जीव ही ठेव आहे हे मी मानत नाही, पण पूर्ण परावलंबी झालेल्या माणसाचे मोल कमी होत नाही हे मीही मानतो, आणि ते मी कुठल्या प्रयोगशाळेत सिद्ध केलेले नाही. सर्व माणसे समान प्रतिष्ठेची आहेत हे आमचेही गृहीतच आहे. आम्ही आपले गृहीत टेबलावर ठेवायचे आणि तुम्ही मात्र तुमचे दाराबाहेर काढून यायचे, ही अट न्याय्य नाही, असे मी आमच्या मंडळींनाही सांगत असतो.

एका बाबतीत मात्र सावध राहायला हवे, आणि ती बाब सत्तेची आहे. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६८९ मध्ये सहिष्णुतेची बाजू मांडली, पण नास्तिकांना त्याने त्यातून वगळले, कारण देव न मानणाऱ्याच्या शपथेवर विश्वास ठेवता येणार नाही असे त्याचे मत होते. पुढे जवळजवळ दोनशे वर्षांनी चार्ल्स ब्रॅडलॉ या नास्तिकाला ब्रिटिश संसदेत निवडून येऊनही शपथेच्या वादामुळे वर्षानुवर्षे बसू दिले गेले नाही. त्याच्याच प्रयत्नांतून देवाच्या शपथेऐवजी प्रतिज्ञा करण्याची मुभा देणारा १८८८ चा शपथविषयक कायदा झाला, आणि पुढच्याच वर्षी तो मुंबईत काँग्रेसच्या अधिवेशनाला आला होता. आपल्या संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो' आणि 'गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो' हे दोन पर्याय शेजारीशेजारी छापलेले असतात, त्यामागे असा इतिहास आहे. मुंबईतलेच आणखी एक उदाहरण र. धों. कर्वे यांचे. ते विल्सन कॉलेजात गणित शिकवत आणि १९२१ पासून त्यांनी संततिनियमनाचे केंद्र चालवले. या विषयावर ते जाहीरपणे बोलू-लिहू लागले तेव्हा मिशनरी व्यवस्थापनाला ते मान्य झाले नाही आणि त्यांना नोकरी सोडावी लागली. त्यांची मते चूक आहेत असे म्हणण्याचा व्यवस्थापनाला पूर्ण अधिकार होता. पण ज्याच्या हातात समोरच्याची भाकरी असते त्याने नुसते मत मांडले तरी त्याला हुकमाचे वजन येते. तुम्ही आणि तुमचा मित्र समान पायरीवर आहात, म्हणूनच तुमचे संभाषण शक्य आहे.

भायखळ्याची वाचक

मी प्रोटेस्टंट आहे. आमचे घराणे मूळचे अहमदनगरचे. वसईच्या सरांनी सांगितलेली पोप महाशयांची भूमिका आमच्यावर बंधनकारक नाही, आणि अन्नपाण्याच्या प्रश्नावर आमच्या मंडळींमध्ये एकवाक्यताही नाही. हे मुद्दाम सांगते, कारण अश्रद्ध मित्रासमोर 'ख्रिस्ती धर्म असे म्हणतो' असे एकजिनसी विधान करण्यापेक्षा 'मी असे मानते, आमच्यातही यावर मतभेद आहेत' हे सांगणे अधिक खरे असते, आणि त्याने श्रद्धेला काहीही उणेपणा येत नाही.

तुमच्या पहिल्या नातेवाइकांच्या सल्ल्याविषयी मला कळकळीने बोलायचे आहे. मित्र मरणाविषयी बोलतो आहे, आपला विश्वास टाकून तुमच्याकडे सही मागतो आहे, आणि अशा वेळी त्याच्या बोलण्याकडे धर्मांतराची संधी म्हणून पाहणे हा त्या विश्वासाचा अवमान आहे. सुवार्ता सांगणे हे ख्रिस्ती माणसाचे काम आहे हे मी मनापासून मानते. पण ऐकणाऱ्याला जर असे वाटले की आपला प्रत्येक प्रश्न हा समोरच्यासाठी गळाला लावायचे आमिष आहे, तर ती सुवार्ता राहत नाही. लूककृत शुभवर्तमानातला शोमरोनी, म्हणजे यहुद्यांना परका वाटणाऱ्या समाजातला माणूस, वाटेतल्या जखमी माणसाच्या जखमा बांधतो, त्याला उतारशाळेत नेतो, पैसे भरतो. तू कोणता विश्वास धरतोस, असे तो त्या जखमी माणसाला विचारत नाही, आणि प्रभू येशू त्याच्याकडे बोट दाखवून 'तूही तसेच कर' असे एका शास्त्र्यालाच सांगतो.

आमच्याकडे नारायण वामन टिळकांचे उदाहरण नेहमी दिले जाते, ते बहुधा त्यांच्या कवितेसाठी. मला ते त्यांच्या संसारासाठी महत्त्वाचे वाटते. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या. ताटातुटीची कष्टाची वर्षे गेली, मग दोघे पुन्हा एकत्र राहू लागले आणि एका घरात दोन धर्म नांदले. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० मध्ये, त्यांच्या स्वतःच्या मनाची वाटचाल पुरी झाल्यावर झाला. टिळक काही मवाळ श्रद्धेचे गृहस्थ नव्हते. श्रद्धेसाठी त्यांनी घरदार आणि जात दोन्ही पणाला लावले होते. श्रद्धा जितकी पक्की तितकी ती दुसऱ्याला घाई करत नाही, असे मला त्यांच्याकडे पाहून वाटते. पौलानेही करिंथकरांना लिहिताना सातव्या अध्यायात हेच सांगितले आहे: विश्वास न ठेवणारा जोडीदार एकत्र नांदायला तयार असेल तर त्याला सोडू नये.

शिवडीची परिचारिका

मी ख्रिस्ती नाही आणि निरीश्वरवादीही नाही. आमच्या घरात वारी आहे. महापालिकेच्या रुग्णालयात आयुष्य गेले, त्यामुळे ज्या कलमावर तुमचे अडले आहे ते खाटेपाशी कसे दिसते तेवढेच लिहिते.

शेवटच्या दिवसांत शरीर स्वतःहून अन्न नाकारू लागते. नळीतून दिलेले पोटात तसेच साचून राहते, पुढच्या वेळी नळी ओढून पाहिली की तेच परत येते, आणि हट्टाने देत राहिले तर ते वर येऊन फुप्फुसात जाते. नातेवाईक म्हणतात, "सिस्टर, उपाशी नका ठेवू." त्यांना समजावावे लागते की आता ओठ कोरडे पडू न देणे, ओल्या गॉझने तोंड पुसणे, कूस बदलणे हीच सेवा उरली आहे. अशा रुग्णाबाबत तुमचे धर्मगुरू आणि तुमचा मित्र बहुधा एकच सांगतील. खरा मतभेद दुसऱ्या रुग्णाबाबत आहे: जो मरणाच्या दारात नाही, ज्याला अन्न पचते, पण जो शुद्धीवर येणार नाही. मसुद्यात या दोन अवस्था वेगळ्या लिहिल्या आहेत का ते पाहा. नसतील तर तुमच्या निम्म्या वादाला तेच कारण असेल.

आम्हा परिचारिकांना या विषयावर बोलताना अरुणा शानबाग आठवतातच. त्या मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका होत्या. नोव्हेंबर १९७३ मध्ये तिथेच त्यांच्यावर हल्ला झाला, त्यातून त्या कधीच सावरल्या नाहीत आणि १८ मे २०१५ रोजी त्या गेल्या. एवढी वर्षे तिथल्या परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांना भरवले आणि अंथरुणाला खिळूनही त्यांच्या अंगाला जखमा होऊ दिल्या नाहीत. मार्च २०११ मध्ये त्यांना भरवणे थांबवावे यासाठी केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली, कारण त्यांची काळजी घेणाऱ्यांना त्या जगायला हव्या होत्या, आणि त्याच निकालात ठरावीक अटींवर जीवरक्षक उपचार थांबवण्याचा मार्ग मोकळा केला. याचिका करणाऱ्या पिंकी विराणी यांची तळमळ खरी होती, आणि केईएमच्या परिचारिकांची मायाही खरी होती. त्या वेळी आमच्या वॉर्डात यावर बोलताना देव मानणाऱ्या आणि न मानणाऱ्या दोन्ही प्रकारच्या माणसांना मी दोन्ही बाजूंना पाहिले.

सहीविषयी: लिव्हिंग विलला मान्यता देणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार साक्षीदाराने एवढेच नोंदवायचे असते की हा दस्तऐवज त्या व्यक्तीने स्वेच्छेने, कुणाच्या दबावाविना आणि परिणाम समजून केला आहे. जानेवारी २०२३ पासून न्यायदंडाधिकाऱ्याऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे तो करता येतो. पुढे प्रत्यक्ष वेळ आली की तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळे रुग्णाची अवस्था तपासतात. साक्षीदाराला त्या निर्णयात बोलावले जात नाही. त्या वेळी संमती विचारली जाते ती रुग्णाने त्यासाठी दस्तऐवजात नाव दिलेल्या व्यक्तीला किंवा जवळच्या नातेवाइकाला.

मरोळची वाचक

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे वाचून मी मित्राला पुन्हा भेटले आणि या वेळी उलट क्रमाने बोलले. माझे खरे कारण श्रद्धेचे आहे, ते तुला पटणार नाही हे मला माहीत आहे, तरी ते तुझ्यापासून लपवायचे नाही म्हणून सांगते, असे आधी स्पष्ट केले. नंतर परळच्या वाचकांनी सुचवल्याप्रमाणे, परावलंबी माणसाचे मोल कशात असते याविषयी आम्ही बराच वेळ बोललो. त्याचे म्हणणे असे की आपल्या आईला त्याने त्या अवस्थेत पाहिले आहे, तिचे मोल तसूभरही कमी झाले नव्हते, आणि तरीही स्वतःसाठी त्याला ते नको आहे. याला माझ्याकडे उत्तर नव्हते. दुसऱ्याच्या जिवावर तो निर्णय घेत असता तर मी भांडले असते; इथे तो स्वतःच्या जिवाविषयी, पूर्ण शुद्धीत, विचार करून बोलत होता.

सिस्टरांनी म्हटले तसे मसुद्यात दोन्ही अवस्था एकाच वाक्यात होत्या. आता त्या वेगळ्या लिहिल्या आहेत. पहिल्या अवस्थेविषयी आमच्यात मतभेद उरलेला नाही, दुसरीविषयी आहे आणि तो राहणार.

साक्षीदार म्हणून मी सही करणार आहे, कारण हा निर्णय त्याने स्वेच्छेने घेतला आहे याची माझ्याइतकी खात्री दुसऱ्या कुणाला क्वचितच असेल, आणि तेवढे सत्य सांगायला माझ्या श्रद्धेची आडकाठी नाही. प्रसंगी त्याच्या वतीने संमती देणारी व्यक्ती म्हणूनही माझे नाव घालावे असे त्याच्या मनात होते, ते मात्र मी नाकारले. त्याची नळी काढायला माझी संमती विचारली गेली तर ती मला देता येणार नाही, आणि ऐनवेळी त्याच्या इच्छेच्या आड येण्यापेक्षा आजच हे सांगणे बरे, असे मी म्हणाले. त्याला वाईट वाटले, आणि त्याने ते लपवले नाही. त्या जागी आता त्याच्या धाकट्या बहिणीचे नाव आहे. ती डोंबिवलीहून येईल त्या दिवशी आम्ही तिघे आणि दुसरे साक्षीदार नोटरीकडे जाणार आहोत.